लिव्हिंग ट्रस्ट आणि आमचा एक-चौदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पणजीतल्या एका हॉटेलात ‘लिव्हिंग ट्रस्ट’वर फुकट व्याख्यान होतं. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत निमंत्रण आमच्या फोंड्याच्या ज्येष्ठांच्या गटात आलं आणि आम्ही चौघं बस धरून गेलो. चहा, बटाटवडा, प्रत्येकाला चकचकीत फोल्डर. वक्ता बाहेरचा, पण बोलायला गोड. मृत्युपत्र केलंत तरी मुलं कोर्टात अडकतात, म्हणून हयातीतच घरदार ट्रस्टच्या नावावर करा, तुम्हीच विश्वस्त राहा, तुमच्यामागे तुम्ही नेमाल तो विश्वस्त होईल, आणि मग ‘ज्याला द्यायचं त्याला द्या, ज्याला नाही द्यायचं त्याला नका देऊ!’ या शेवटच्या वाक्यावर सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. कोणाच्या डोळ्यांपुढे कोणती सून आली असेल, देव जाणे.

त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ही कल्पना अमेरिकेत रुळलेली, आणि तिथे तिला अर्थही आहे. तिथे मृत्युपत्र प्रोबेट कोर्टातून जातं, म्हणजे ते खरं असल्याचं कोर्टाने ठरवल्यावरच अमलात येतं, त्यात वेळ जातो आणि पैसाही. कॅलिफोर्नियात तर वकिलाची फी कायद्यातच लिहिलेली आहे: पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, दुसऱ्या लाखावर ३, पुढच्या आठ लाखांवर २, तेही कर्ज वजा न करता. मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यालाही तेवढंच मागता येतं. म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरामागे दोघांचे मिळून ४६ हजार. असा खर्च टाळायला कोणी ट्रस्ट केला, तर त्यात नवल नाही. पण माझे दीर तिकडे असतात, त्यांनी एका मित्राची गोष्ट सांगितली. त्याने ट्रस्ट केला, जाडजूड फाइल कपाटात ठेवली आणि घराचा दस्त ट्रस्टच्या नावावर करायचा राहूनच गेला. तो गेल्यावर बायको गेली ती प्रोबेट कोर्टातच. ट्रस्ट म्हणजे रिकामी पेटी, तीत काही घातलं तरच तिचा उपयोग.

आता आपल्याकडे या. गोव्यात मृत्युपत्र मुळातच नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रार कचेरीत, साक्षीदारांसमक्ष होतं. ज्या प्रोबेटची भीती घालून फोल्डर वाटले, ते इथल्या माणसाला भेटतच नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७०मध्ये आला. वारशाचा भाग आता २०१२च्या गोव्याच्या कायद्यात आहे, तो २०१६पासून लागू झाला. पण गाभा तोच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी अर्धी. उरलेल्या अर्ध्यातलाही अर्धा मुलांचा, तो मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. एक कोटीची मालमत्ता असेल तर पन्नास लाख बायकोचे, पंचवीस मुलांचे, आणि ‘ज्याला द्यायचं त्याला द्या’ हे चालतं ते राहिलेल्या पंचवीसात. बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही, मग ट्रस्टात कसं घालणार? हयातीत दिलेलं दानसुद्धा वाटणीच्या वेळी हिशेबात ओढलं जातं आणि मर्यादेबाहेर गेलेलं असेल तर कापलं जातं. तेव्हा ट्रस्टात घातलेलं घर या हिशेबातून सुटेल असं जो सांगतो, त्याला आधी कलम दाखवायला सांगावं. मी विचारलं. ‘मॅडम, आपण चहाच्या वेळी बोलू,’ असं उत्तर मिळालं. चहा आधीच होऊन गेला होता.

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘माझा पुण्याचा फ्लॅट तरी मोकळा ना?’ वक्ता म्हणाला, ‘अर्थात.’ २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेबाबत निकाल दिला, की गोव्याच्या रहिवाशाला गोव्याबाहेरच्या मालमत्तेसाठीही इथलाच वारसा कायदा लागू. हा निकाल आमच्या इथल्या चहावाल्यालाही ठाऊक असेल.

आपलं खरं दुखणं निराळंच आहे. आमच्या सासरच्या घराचा आणि कुळागराचा, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेचा, एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे जमिनीवर कोणाची नावं आहेत ते दाखवणारा गोव्यातला सरकारी कागद. त्यावर अकरा नावं आहेत, त्यांतली सात माणसं भिंतीवर फोटोत आहेत. आजेसासरे गेले तेव्हा इन्व्हेंटार, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, झाला नाही, सासरे गेले तेव्हा ‘चवथ होऊ दे, मग बघू’ झालं. एकाने मुंबई गाठली, एकाने आफ्रिका, आणि प्रत्येकाची मुलं हक्कदार होत गेली. यातला माझ्या नवऱ्याचा हिस्सा नेमका कोणता, कोणती माडी, कोणती पोफळीची रांग, हे कोणालाच सांगता येत नाही. जे वेगळं करून हातात आलेलंच नाही, ते ट्रस्टात कसलं घालता? अशाच बंद, बेवारशी दिसणाऱ्या घरांवर खोट्या कागदांनी डल्ला मारणाऱ्यांसाठी सरकारला २०२२मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं, हे विसरू नये.

इन्व्हेंटार म्हटलं की लोक घाबरतात. वेळ लागतो, खरंच लागतो. पण तिथे यादी होते, किंमत ठरते, काबेसा द काझालला, म्हणजे गेलेल्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याला, हिशेब द्यावा लागतो, आणि एकाच वस्तूवर दोघांनी हट्ट धरला तर लिसितासांव होतं, भावाभावांत बोली लागते. आमच्या शेजाऱ्यांकडे दोघा भावांनी एका विहिरीसाठी बोली चढवत नेली. ज्याला विहीर मिळाली तो दोन वर्षं दुसऱ्याचे पैसे फेडत होता. पण आज दोघांचे उतारे वेगळे आहेत आणि विहिरीचं पाणी अजून दोघांकडे जातं.

ट्रस्ट निरुपयोगी असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एका बाईंचा मुलगा चाळिशीचा आहे, पण पैशाचा व्यवहार त्याला जमत नाही. तिच्या हातातला जो मोकळा हिस्सा आहे, तो तिने १८८२च्या ट्रस्ट कायद्याखाली रीतसर नोंदणी करून विश्वस्तांच्या हाती ठेवला. दरमहा त्याचा खर्च त्यातून भागतो. अशा घराला ट्रस्ट हवाच. फक्त तो करताना गोव्याचा वकील हवा, हॉटेलातला फोल्डर नको.

आपल्या वृत्तपत्राने इथल्या कायद्याच्या एखाद्या जाणत्या वकिलाकडून मराठीत सदर लिहवून घ्यावं, आणि सरकारने सब-रजिस्ट्रार कचेऱ्यांत मृत्युपत्र, वारसाहक्काचा दस्त आणि इन्व्हेंटार यांची साधी मराठी-कोंकणी माहितीपत्रकं ठेवावीत, ही विनंती.

आमच्याकडे येत्या चवथीला पुण्या-मुंबईचे सगळे येणार आहेत. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवायच्या आधी एक-चौदाची झेरॉक्स मध्ये ठेवून बसायचं ठरलं आहे. थोरल्या जावेने आत्ताच फोनवर कळवलं, तिला ओहळाकडचा कोपरा हवा.

– एक निवृत्त शिक्षिका, फोंडा