गोठ्यातल्या नोंदीशिवाय ‘गौ चिप’ काय करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या गोठ्यातली एक संकरित गाय गेल्या वर्षी तीन वेळा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर आली. दर वेळी माज ओळखून वेळेवर भरवली होती, जंताचे औषध दिले होते, खनिज मिश्रणही चालू होते. शेवटी खुराक कमी पडला असेल असे सगळे म्हणाले आणि मीही ते मानले. पुढे ‘चीफ’ नावाच्या वळूची हकीकत वाचनात आली, म्हणून हे पत्र.

१९६२ साली अमेरिकेत जन्मलेला हा होल्स्टिन वळू. त्याच्या मुली दुधाला इतक्या सरस निघाल्या की त्याचा वंश जगभर पसरला. सुमारे १६ हजार मुली, पाच लाख नाती. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता. तो आई आणि बाप दोघांकडून आला तर गर्भ पोटातच मरतो. एकाच बाजूने आला तर जनावर धडधाकट राहते, पण दोषाचे वाहक असते. वाहक गाय वाहक वळूच्या कांडीने (गोठवलेल्या वीर्याच्या नळीने) भरवली, तर असा गर्भ राहण्याची शक्यता चारात एक. गोठ्यात मात्र एवढेच दिसते की गाय परत माजावर आली. सुमारे ३५ वर्षांत जगभरात असे पाच लाखांवर गर्भ गेले, असा संशोधकांचा अंदाज आहे. ही गोष्ट उमगली तीही न दिसलेल्या जनावरांवरून. हजारो होल्स्टिन जनावरे तपासली, तरी गुणसूत्राचा तो तुकडा दोन्हीकडून आलेले एकही जिवंत जनावर सापडेना. पुढे नेमके जनुक सापडले, एपीएएफ-१. गर्भ घडताना नको असलेल्या पेशी वेळेवर काढून टाकण्याच्या कामात ते लागते. उंदरांवरच्या प्रयोगांतून त्याचे काम आधीच ठाऊक होते, म्हणून दुवा जुळला.

जनुक कुठे आहे एवढ्यावर न थांबता ते करते काय, कोणत्या अवयवात आणि केव्हा चालू होते, हे शोधणे म्हणजे फंक्शनल जीनोमिक्स. माझी गाय याच कारणाने उलटली असे मी म्हणत नाही. पण कांडीवर वळूचा क्रमांक असतो, तशी त्या वळूची कोणत्या आनुवंशिक दोषांसाठी तपासणी झाली आहे, ही माहितीही भरवताना शेतकऱ्याच्या हाती पडली पाहिजे.

दुसरी गोष्ट देशी गायींची. परदेशात सापडलेली खूण (गुण ओळखायला उपयोगी पडणारा डीएनएमधला फरक) इथे तशीच चालत नाही. दुधाच्या फॅटशी जोडलेले डीजीएटी-१ हे जनुक घ्या. होल्स्टिनमध्ये त्याची जास्त फॅटची आणि कमी फॅटची अशी दोन्ही रूपे आढळतात, म्हणून त्यावरून निवड करता येते. आपल्या ज्या देशी जाती तपासल्या गेल्या, त्यांत जवळपास सगळीकडे जास्त फॅटचेच रूप आहे. मग त्या खुणेवर इथे निवडायचे काय? आपले प्रश्न वेगळे आहेत. आमच्या सांगोल्याच्या उन्हात संकरित गाय दुपारी धापा टाकते, तिथे खिलार उभी राहते ती कशाच्या बळावर? इगतपुरी-अकोले भागातल्या पावसात डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि पाणी अंगात मुरत नाही. त्यामागे कोणती जनुके आहेत? याचा शोध याच जनावरांवर, याच हवेत घ्यावा लागेल.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौ चिप’चे, म्हणजे गायीच्या डीएनएमधल्या अशा खुणा एकदम वाचणाऱ्या चिपचे, लोकार्पण झाले. त्याचा मला मनापासून आनंद आहे. वळूची परीक्षा त्याच्या मुली दुधावर आल्यावर करायची, तर पाच-सहा वर्षे जातात. चिपमुळे गोऱ्हा लहान असतानाच अंदाज बांधता येतो. पण चिप वाचते ती फक्त खुणा. कोणती खूण कामाची, हे ठरते हजारो गायींच्या दुधाच्या, वेतांच्या, उलटण्याच्या आणि आजारांच्या नोंदींवरून. ब्राझीलने आपल्याच गुजरातेतून नेलेली गीर दुधाला सुधारली, ती पिढ्यान्‌पिढ्या अशा नोंदी ठेवून. आमच्याकडे जनावरांच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे. पण माझ्या गायीच्या त्या तीन भरवण्यांपैकी ऑनलाइन नोंद एकाच वेळची सापडली. आणि खिलार ही तर शर्यतीची आणि औताची जात, तिचे दूध मोजतो कोण?

महिन्यातून एकदा गोठ्यावर येऊन सकाळ-संध्याकाळचे दूध मोजणारा प्रशिक्षित माणूस गावोगाव नेमावा, त्याला नोंदीमागे मानधन द्यावे, आणि खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी या जातींपासून सुरुवात करावी, अशी पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे. शेतकऱ्यालाही त्याच्या गायीचा निकाल परत मिळावा, नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणी दार उघडणार नाही. माझ्याकडे २०१६ पासूनच्या प्रत्येक वेताच्या नोंदी वहीत लिहिलेल्या आहेत. कोणत्याही संशोधन संस्थेला हव्या असतील तर बिल्ल्याच्या क्रमांकासह द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक दूध उत्पादक,
ता. सांगोला, जि. सोलापूर