बाबा, आता गच्चीवर चढायचं नाही

ती. आई-बाबांना सा. न.

सोमवारी सकाळी डिश उतरवायला माणूस येईल. त्याच्याशी मीच बोलले आहे, दादाला सांगितलं आहे आणि डिशचं पुढचं रिचार्जही या वेळी भरलेलं नाही. बाबा, इथेच तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. पण पत्र शेवटपर्यंत वाचा, मग फोन करा. फोनवर एवढं सगळं मला सांगता येत नाही, कारण तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि आईकडे फोन देऊन मोकळे होता.

मावशीने सांगितलं मला. डिश नीट करायला भर पावसात शिडी लावून तुम्ही टाकीच्या कट्ट्यावर चढलात, आणि आई गुडघा धरून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. डोळ्याचं ऑपरेशन होऊन कितीसे दिवस झालेत? रक्तदाबाची गोळी बदलल्यापासून उठताना अंधारी येते, हे तुम्हीच आईला सांगितलंत आणि डॉक्टरांना मात्र सांगितलं नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं ते यासाठीच. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "बघू पावसाळ्यानंतर." मला पावसाळाच नको होता.

लहानपणी अँटेना फिरवताना तुम्ही वर, दादा टीव्हीसमोर आणि मी जिन्यात, असं असायचं. दादा ओरडायचा "आलं!", मी वर ओरडायचे "आलं!", आणि तुमचा हात सुटला की दादा पुन्हा "गेलं!". निरोप पोचवायचं ते काम मला किती आवडायचं. तुम्ही खाली आलात की ओल्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारायचात, ती अजून आठवते. तेव्हा तुम्ही दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायचात, बाबा.

आणि एक सांगते, रागावू नका. वाऱ्याने डिश खरंच फिरली होती, तेव्हा तुम्हीच ती अचूक जागेवर आणलीत. शेजारच्यांना ते जमलं नव्हतं. पण पावसात चित्र जातं ते डिश हलल्यामुळे नाही. उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ 36,000 किलोमीटरवर असतो. तिथून घरच्या डिशकडे येणाऱ्या लहरी 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि मोठा पाऊस त्या वाटेतच शोषून घेतो, विखरून टाकतो. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. त्या वेळी वर जाऊन कोणीच काही करू शकत नाही, अगदी डिशवाल्यांचा माणूससुद्धा नाही.

आता टीव्हीचं. टीव्ही तोच, भिंत तीच, तुमच्या दोघांच्या खुर्च्या तिथेच. फक्त चित्र येण्याची वाट बदलणार आहे. मागच्या खेपेला जाताना टीव्हीच्या पाठीमागे पत्त्याच्या कॅटएवढी डबी लावून गेले होते ना, त्यातूनच आता सगळं दिसेल. ती डबी म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. त्यावर लिब्रइलेक नावाची प्रणाली आहे, तिचं काम एकच, सुरू झाल्यावर थेट कोडी उघडायचं. आणि कोडी म्हणजे टीव्हीवर चॅनेल, व्हिडिओ, गाणी, फोटो हे सगळं एका जागी दाखवणारं सॉफ्टवेअर.

बाबा, तुम्ही विचारणारच, "कंपनी कुठली?" कंपनी नाही. जगभरातले लोक हौसेने आणि नेटाने मिळून ते लिहितात, एक ना-नफा संस्था ते सांभाळते, आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. 2002 मध्ये एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी याची सुरुवात झाली. पुढे बरीच वर्षं ते एक्सबीएमसी नावाने चाललं आणि 2014 मध्ये कोडी झालं. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट आहे, उद्या दुकान बंद करून कोणी पळून जाणार नाही. मी निवडायला वेळ घेतला तो हे सगळं बघण्यात.

कोडीमध्ये स्वतःचा एकही चॅनेल नसतो, हे मात्र लक्षात ठेवा. कुठला चॅनेल कुठून आणायचा हे त्याला सांगावं लागतं. त्यासाठी एक साधी मजकुराची फाईल असते, तिला एमथ्रीयू म्हणतात. प्रत्येक चॅनेलच्या दोन ओळी: वरच्या ओळीत नाव, नंबर, चिन्ह आणि गट, खालच्या ओळीत इंटरनेटवरचा पत्ता. ही फाईल मी हाताने लिहिली आहे. बाबा, चॅनेलचे नंबर लिहिलेल्या तुमच्या निळ्या वहीचा फोटो समोर ठेवून लिहिली. बातम्यांचा जो नंबर तुमच्या बोटांना पाठ आहे, तोच नंबर दाबायचा. गाण्यांचा तोच, आईच्या सकाळच्या कार्यक्रमाचा तोच. तुमच्यासाठी बातम्यांच्या गटात डॉयचे वेले, फ्रान्स 24 आणि एनएचके वर्ल्डही घातलेत. जगाच्या बातम्या तिथल्या तिथे, आरडाओरडा न करता सांगतात, तुम्हाला आवडतील.

मधले काही नंबर रिकामे राहिलेत. जे चॅनेल स्वतःची स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवरचं प्रक्षेपण, अधिकृतपणे खुली ठेवतात, तेवढेच मी यादीत घेतले. आई, तुझी रात्रीची मालिका पैसे भरून बघायच्या चॅनेलवर आहे, ती या यादीत येणार नाही. पण त्यांचं ॲप टीव्हीतच आहे, वर्षाचे पैसे मी भरलेत, आणि त्यात जुने भागही आहेत. दिवे गेले म्हणून चुकलेला भाग आता मावशीला विचारत बसायला नको. दादा तुला दाखवेल, अगदी सोपं आहे गं.

समोरच्या काकांनी "सगळे चॅनेल फुकट" म्हणून जो बॉक्स सुचवलाय, तो घ्यायचा नाही. काकांचा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे, त्यांचं मन मोडू नका. पण तसल्या बॉक्समध्ये बऱ्याचदा कोडीच असतं, आणि त्यात कोणीतरी चोरीच्या स्ट्रीम दाखवणारे ॲडऑन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, आधीच भरून ठेवलेले असतात. कोडी बनवणारे स्वतःच अशा बॉक्सच्या विरोधात बोलत आलेत. बाबा, तुम्हाला दाखला लागतो म्हणून सांगते: एप्रिल 2017 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने अशाच एका बॉक्सच्या खटल्यात निकाल दिला, की असे भरलेले बॉक्स विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आत काय काय भरलंय आणि ते आपल्या घरच्या नेटवर्कवर काय करतंय, हे कोणालाच माहीत नसतं. ज्या घरात तुमची बँक फोनवर चालते, त्या घरात मला ते नको.

ती यादीची फाईल तुमच्या डबीत नाही, माझ्याकडे आहे. डबी रोज एकदा माझ्याकडची फाईल वाचते. चॅनेलवाले कधीकधी स्ट्रीमचा पत्ता बदलतात, मग त्या नंबरवर काळा पडदा दिसतो. तेव्हा काही बिघडलं असं समजून डबीची पिन काढू नका, सेटिंग शोधू नका. मला फक्त नंबर कळवा, "बारा गेला" एवढा मेसेज पुरे. मी इथून नवीन पत्ता टाकेन आणि दुसऱ्या दिवशी बारा परत आलेला असेल. रोज कामावरून आल्यावर मी ती यादी एकदा चाळते, सगळे चॅनेल लागतायत ना बघते. तुम्ही जे बघत असाल, तेच मीही पाच मिनिटं बघते.

चित्र कधी थोडं धूसर झालं तर डोळ्याला दोष देऊ नका, बाबा. इंटरनेटवरून व्हिडिओ सलग धारेने येत नाही, काही सेकंदांचे तुकडे होऊन येतो, आणि एकाच चित्राच्या कमी-जास्त दर्जाच्या प्रती तयार असतात. लाइन मंदावली की हलकी प्रत उचलली जाते, सुधारली की पुन्हा चांगली. चित्र थांबण्यापेक्षा थोडा वेळ मऊ दिसलेलं बरं, म्हणून तशी सोय आहे. डोळ्यांत पाणी येत असेल, टोचत असेल, तर ते वेगळं, तेव्हा सरळ डॉक्टर.

याच तुकड्यांमुळे थेट कार्यक्रमही अर्धा मिनिट किंवा त्याहून थोडा मागे असतो. मॅच चालू असताना शेजारून आधी जल्लोष ऐकू येईल. त्या वेळी खिडकी लावून घ्या, म्हणजे मजा जाणार नाही.

रिमोट एकच राहील, टीव्हीचा. बाकीचे दोन ड्रॉवरमध्ये टाका. टीव्ही आणि डबी एचडीएमआयच्या वायरमधूनच एकमेकांशी बोलतात, त्याला सीईसी म्हणतात. प्रत्येक कंपनी त्याला आपलं नाव देते, सॅमसंग एनीनेट प्लस, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. कधी रिमोटने डबी ऐकेनाशी झाली तर दादाला टीव्हीच्या सेटिंगमध्ये हेच नाव शोधायला सांगा. तुम्ही वर-खाली, ओके, बॅक, आकडे आणि थांबवायचं चौकोनाचं बटण, एवढंच वापरायचं. टीव्ही लावला की आदल्या दिवशीचा चॅनेल आपोआप सुरू होईल, तशी सोय करून ठेवली आहे. आणि चॅनेल चालू असताना ओके दाबलंत की आत्ता काय चाललंय ते खाली दिसेल. आठवड्याचं पूर्ण वेळापत्रकही गाइडमध्ये आहे, आई, त्यात कार्यक्रमावर जाऊन आठवण लावता येते.

कोडीच्या सेटिंगला मी कुलूप घातलंय, आकडा दादाकडे आहे. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. चुकून काही दाबलं गेलं तर तुम्ही दोघं संध्याकाळभर त्याच काळजीत बसाल, म्हणून.

आता ऐका. रात्री झोपताना आधी चौकोनाचं बटण दाबून चॅनेल थांबवायचा, मग टीव्ही बंद. नाहीतर डबी आतल्या आत रात्रभर स्ट्रीम ओढत राहते. चांगल्या चित्राला सेकंदाला 5 मेगाबिट लागले तरी तासाला सव्वादोन जीबी होतात. आपला प्लॅन मी मर्यादा नसलेला घेतलाय, तरी उगाच कशाला. डबीची पिन ओढून बंद करायची नाही, आत बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड आहे, ते अशाने खराब होतं. राउटरपासून डबीपर्यंत मी वायफाय न ठेवता वायर टाकली आहे, त्यामुळे चित्र अडकत नाही. ती भिंतीच्या कडेने चिकटवली आहे, आई, केर काढताना ओढू नकोस आणि ती सुटलेली दिसली तर त्याच दिवशी मला सांग, पायात येता कामा नये. "तुमचा टीव्ही बॉक्स अपडेट करायचाय" असा कोणाचाही फोन आला तर ठेवून द्यायचा. ओटीपी कोणालाही नाही, मी आहे असं कोणी म्हणालं तरी नाही. मी कधीच ओटीपी मागणार नाही. आणि इंटरनेट गेलं तर टीव्ही जाईल, हे खरं आहे. तेव्हा राउटरवरचा दिवा लाल झालाय का एवढं बघायचं आणि वाट बघायची. स्टुलावर चढून वायर हलवायची नाही. मध्ये रेडिओ लावा.

तेवढ्या वेळासाठी आणखी एक ठेवलंय. डबीला मागून छोटा पेनड्राइव्ह लावलाय, तो इंटरनेट नसतानाही चालतो. "आपले" नावाचा फोल्डर उघडा. कपाटाच्या वरच्या खणातल्या व्हिडिओ कॅसेट मी सगळ्या उतरवून घेतल्यात. दादाचं लग्न आहे, आजीची पंच्याहत्तरी आहे, आणि तो प्रसंगही आहे ज्यात बाबा सगळ्यांसमोर गातात. आई, तू त्यात लाजून कॅमेऱ्याकडे पाठ केली आहेस. आवाज थोडा खरखरतो, पण आजीचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा दोघांनी एकत्र बसून बघा, एकटीने बघू नकोस, आई.

मला माहीत आहे, हे सगळं समोर बसून सांगायला हवं होतं. सुट्टी मिळाली की येतेच आहे. तोवर एवढं माझं ऐका. बाबा, चक्कर येते हे या आठवड्यात डॉक्टरांना सांगा, आणि आई, ते काय म्हणाले हे तू मला सांग. बाबांच्या तोंडून नको, ते अर्धंच सांगतात.

तुमची लेक

ता. क. बाबा, निळी वही टाकून देऊ नका. तिच्या शेवटच्या पानावरची शाई फिकी झाली आहे, नंबर नीट वाचता येत नाहीत. दादाला ते पान उजेडात धरून पुन्हा फोटो काढायला सांगा, म्हणजे राहिलेले चॅनेल बसवता येतात का ते बघते.