नैराश्यावरील गोळ्या आणि हिंसेचा आरोप

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात २७ ऑगस्ट २०२५ रोजी चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले त्यात गेली. दुसऱ्याच दिवशी तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की, नैराश्यावर दिली जाणारी 'एसएसआरआय' गटातील औषधे अशा हिंसेला हातभार लावतात का, याचा अभ्यास सरकार हाती घेत आहे. हल्लेखोराला ही औषधे चालू होती असा पुरावा तेव्हा कोणी मांडलेला नव्हता. तरीही 'डिप्रेशनची गोळी खाणारा माणूस खून करतो' असे रूप घेऊन ती बातमी आपल्याकडच्या मोबाइलवर फिरू लागली आणि लोक स्ट्रिप हातात धरून आमच्या दुकानात विचारायला येऊ लागले. एकतीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवले. आता ते मुलगा पाहतो. या गोळ्या मी हजारो लोकांच्या हातात दिल्या आहेत, म्हणून हे पत्र लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

हा वाद काल-परवाचा नाही. याच गटातील फ्लुओक्सेटिन, म्हणजे 'प्रोझॅक', अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मंजूर झाले. १४ सप्टेंबर १९८९ रोजी केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे एका छापखान्यात तिथल्याच, आजारपणामुळे रजेवर असलेल्या कामगाराने गोळ्या झाडून आठ जणांना मारले, बारा जणांना जखमी केले आणि स्वतःचाही शेवट केला. त्याला हे औषध सुरू होऊन महिनाभर झाला होता. मात्र त्याचा मानसिक आजार कितीतरी जुना होता आणि मालकांवरचा रागही जुना होता. जखमींनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी हे औषध बनवणाऱ्या एली लिली या कंपनीवर दावा लावला. १९९४ मध्ये ज्यूरीने नऊ विरुद्ध तीन अशा मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि आपले औषध निर्दोष ठरल्याचे कंपनीने जगाला सांगितले. पण न्यायाधीश जॉन पॉटर यांच्या मनात वेगळीच शंका होती. कंपनीच्या दुसऱ्या एका औषधाविषयीचा अडचणीचा पुरावा मांडण्याची परवानगी त्यांनी फिर्यादी पक्षाला दिली होती. तो पुरावा फिर्यादींच्या वकिलांनी मांडलाच नाही. पॉटर यांनी त्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा निकालापूर्वीच दोन्ही बाजूंमध्ये गुपचूप तडजोड झाल्याचे उघड झाले. शेवटी १९९७ मध्ये त्या खटल्याच्या नोंदीत 'तडजोडीने निकाली' अशी दुरुस्ती झाली. औषध दोषी होते की नव्हते, हे त्या खटल्यातून ठरलेच नाही. एखाद्या औषधावरचा लोकांचा विश्वास अशा वागण्याने जितका उडतो, तितका कोणत्याही दुष्परिणामाने उडत नाही, असे माझे मत आहे.

उलट दिशेचा निकालही आहे. १९९८ मध्ये वायोमिंग राज्यात साठ वर्षांच्या एका गृहस्थांनी याच गटातील पॅरॉक्सेटिनच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या आणि पत्नी, मुलगी व तान्ह्या नातीला मारून स्वतःला संपवले. २००१ मध्ये तिथल्या ज्यूरीने ८० टक्के जबाबदारी औषधावर टाकली आणि कंपनीला ६४ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. तथापि न्यायालयात जे सिद्ध होते तेच विज्ञानात सिद्ध होते असे नाही, आणि एका घराच्या शोकांतिकेवरून कोट्यवधी रुग्णांविषयी अनुमान काढता येत नाही. म्हणून आकड्यांकडे वळावे लागते.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मला स्वीडनचा वाटतो. २००६ ते २००९ या काळात ज्यांना ही औषधे लिहून दिली गेली, अशा साडेआठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तिथल्या संशोधकांनी गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. गोळी घेणारा आणि न घेणारा अशा दोन वेगळ्या माणसांची तुलना त्यांनी केली नाही, कारण आजारी माणूस आणि धडधाकट माणूस यांच्यात मुळातच फरक असतो. एकच माणूस औषध चालू असताना कसा वागला आणि बंद असताना कसा वागला, हे त्यांनी पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १५ ते २४ या वयोगटात औषध चालू असलेल्या काळात हिंसक गुन्ह्यासाठी शिक्षा होण्याचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त होते. त्यापुढच्या वयांत ठोस संबंध आढळला नाही. 'त्रेचाळीस टक्के' हा शब्द ऐकून कोणीही दचकेल, पण मुळातले प्रमाणच लहान असेल तर वाढलेले प्रमाणही लहानच राहते. शिवाय माणसाची तब्येत ज्या दिवसांत अधिक बिघडते त्याच दिवसांत घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात. तेव्हा त्या दिवसांतल्या वागण्याचे खापर गोळीवर फोडायचे की आजारावर, हा प्रश्न एवढ्या मोठ्या अभ्यासानंतरही शिल्लक राहतो, आणि तो संशोधकांनी स्वतःच मान्य केलेला आहे.

मात्र एवढ्यावर 'सगळे ठीक आहे' म्हणून फाईल मिटवणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पॅरॉक्सेटिनच्या कंपनीच्याच चाचण्यांचे आकडे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. खरे औषध घेणाऱ्या ९,२१९ जणांपैकी ६० जणांत, तर औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या ६,४५५ जणांपैकी २० जणांत आक्रमकतेच्या नोंदी होत्या. म्हणजे हजारात सहा-सात आणि हजारात तीन. या नोंदींत चिडचिडीपासून मारहाणीच्या विचारापर्यंत सगळे एकाच शब्दाखाली घातलेले होते, ही गोष्ट वेगळी. पुढे २०१६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी कंपन्यांनी सरकारी यंत्रणांना दिलेले मूळ अहवाल मिळवून ७० चाचण्या तपासल्या. त्यांत प्रौढांमध्ये आक्रमकता वाढल्याचे दिसले नाही. मुले आणि किशोरवयीनांमध्ये मात्र ती दुपटीहून अधिक आढळली. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले अभ्यास कोवळ्या वयाकडेच बोट दाखवत असतील, तर तो योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या औषधांवर काळ्या चौकटीतली सूचना सक्तीची केली आणि २००७ मध्ये ती २४ वर्षे वयापर्यंत वाढवली. ती सूचना आत्महत्येच्या विचारांविषयी आहे. दुसऱ्याचा जीव घेण्याविषयी त्या चौकटीत एक अक्षरही नाही. मात्र चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरांत, अस्वस्थता, निद्रानाश, चिडचिड, वैरभाव, आक्रमकता, उतावळेपणा आणि 'अकॅथिसिया' अशी यादी आहे. आमच्या कामाचे शब्द त्या बारीक अक्षरांत आहेत.

अकॅथिसिया म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याआधी दुकानाच्या काउंटरवर पाहिले. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला गोळी सुरू होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. त्याची आई झोपेची गोळी मागायला आली. 'रात्रभर घरात येरझाऱ्या घालतो, बूड टेकत नाही, अंगात आग पेटल्यासारखं वाटतं म्हणतो, आणि काल वडिलांच्या अंगावर ताट भिरकावलं. हा आमचा मुलगाच नाही, दादा,' असे ती म्हणाली. तिची समजूत होती की आजार वाढला आहे आणि औषध कमी पडते आहे. मी तिला झोपेची गोळी दिली नाही. तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी डोस उतरवला, मग औषधच बदलले, आणि दोन आठवड्यांत मुलगा माणसात आला. नंतर त्याच डॉक्टरांच्या बदललेल्या औषधाने तो बराही झाला. ही जिवाची तगमग रुग्णाला सहन होत नाही, सांगताही येत नाही. आणि डॉक्टरला ती दिसली नाही तर डोस वाढतो आणि आगीत तेल पडते. काही रुग्णांत नैराश्यामागे उन्मादाचा आजार दडलेला असतो. अशांना नुसती ही गोळी दिली तर ते उसळून उठतात. म्हणून चांगले मानसोपचारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत घराण्यातल्या आजारांची चौकशी करतात.

आणि जे सांगताना मला संकोच वाटतो ते असे. माझ्याच दुकानातून वर्षानुवर्षे जुन्या चिठ्ठीवर या गोळ्या गेल्या आहेत. कायद्याने त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, पण ओळखीचा माणूस 'तीच टेन्शनची गोळी, दहा द्या' म्हणाला की मी स्ट्रिप कापून देत असे. कापलेल्या स्ट्रिपसोबत माहितीपत्रक जात नाही, आणि गेले तरी ते इंग्रजीत असते. डोस वाढवल्याचे, मध्येच सोडल्याचे, पुन्हा सुरू केल्याचे कोणाला कळत नसे. याच काळांत धोका अधिक असतो, हे मी तेव्हा गांभीर्याने घेतले नाही, याची मला खंत आहे.

अचानक गोळी सोडणे हा तर सध्याच्या अफवांचा सर्वांत वाईट परिणाम आहे. स्वीडनच्या २०२० मधील दुसऱ्या अभ्यासात, औषध बंद केल्यानंतरही बारा आठवड्यांपर्यंत हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. ते औषध सुटल्यामुळे की आजार उलटल्यामुळे, हे सांगता येत नाही, पण मनाने गोळी सोडणाऱ्याला त्यात दिलासा काहीच नाही. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका भगिनींनी मोबाइलवरची चित्रफीत पाहून सात वर्षांची गोळी एका रात्रीत बंद केली. चक्कर, रडू आणि विजेचे झटके बसल्यासारखी डोक्यातली संवेदना घेऊन त्या दहाव्या दिवशी दुकानात आल्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात सर्वसामान्य मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. उरलेल्या पंधरांनाही भीती घालून पळवून लावणे हे पाप आहे, एवढेच मी म्हणेन.

वृत्तपत्रांना माझी विनंती आहे की, गुन्ह्याच्या बातमीत 'आरोपी डिप्रेशनच्या गोळ्या घेत होता' हे वाक्य छापण्यापूर्वी गोळी कोणती, कधी सुरू झाली, डोस कधी बदलला आणि घरच्यांनी काय पाहिले, हे विचारावे; ते कळत नसेल तर ते वाक्य वगळावे. शासनाने या औषधांसोबत मराठीत एक पानाची माहिती देणे सक्तीचे करावे. दुष्परिणाम झाल्यास रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात. एकतीस वर्षांत माझ्या एकाही ग्राहकाला हे ठाऊक नव्हते, आणि मीही कोणाला सांगितले नाही. मन फार अस्वस्थ असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा, क्रमांक आहे.

आमच्या दुकानात गोळ्या द्यायच्या कागदी पाकिटावर 'सकाळ, दुपार, रात्र' एवढेच छापलेले असते. त्याची मागची बाजू कोरी असते. मुलाला सांगून गेल्या आठवड्यापासून आम्ही तिथे रबरी शिक्का मारायला सुरुवात केली आहे : 'पहिले चार आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवा. झोप उडाली, बसवेना, राग आवरेना, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मनाने वाढवू नका, मनाने बंद करू नका.'

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, कराड