खो-खोच्या पोरींची हिरवी रिबीन आणि आपलं हसणं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा शाळांच्या खो-खोच्या तालुका मॅचेस बघायला गेलेलो, पोरगी टीममध्ये आहे. मॅचच्या आधी तिच्या टीमनं समोरच्या पोरींच्या पण मनगटाला मानसिक आरोग्याची खूण म्हणून हिरवी रिबीन बांधली आणि कॅप्टननं माईकवर चार वाक्यं वाचली, की झोप लागत नाही, जेवण जात नाही, मैदानावर यावंसंच वाटत नाही असं पंधरा-पंधरा दिवस चाललं असेल तर गप्प बसू नका, कुणाला तरी सांगा, आणि शेवटी 14416 हा हेल्पलाईनचा नंबर दोनदा. हातातला कागद थरथरत होता तिचा. माझ्या मागं दोघं पालक फिदीफिदी हसले, एकजण म्हणाला आमच्या वेळी नव्हती बाबा असली थेरं, दोन तास रानात भांगलायला, तण काढायला लावा, सगळं डिप्रेशन जातंय बघा.

दीड वर्षापूर्वी मी पण हेच म्हटलो असतो, म्हणून हे पत्र.

तेव्हा पोल मारताना, म्हणजे खांबाजवळ झेप घेताना, पोरीचा घोटा मुरगाळला, महिनाभर प्लास्टर. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले पळू दे आता, तरी ही रोज पाय दुखतोय म्हणून घरीच. बुटं कॉटखाली तशीच, त्यावर धूळ. मी म्हटलं नाटकं करतीयस. खेळताना तिच्या शेजारच्या पाटीवर, म्हणजे चौकोनात, बसणाऱ्या मैत्रिणीनं पीटीच्या सरांना सांगितलं की ही रात्रभर जागी असते, मग सरांनी मला फोन केला. म्हणजे आईबापाच्या आधी टीमला कळलं! मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमागं उभं राहून मीच 14416 लावला, सरकारची टेलिमानस सेवा आहे ती, 2022 पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी आधी मलाच विचारलं, तुम्ही जेवलात का? मग पुढचं सगळं सिव्हिलमध्ये, चार-पाच महिने लागले.

हिरवा रंग तिकडनं आलाय हे मान्य. अमेरिकेत 1949 पासून मे महिना मानसिक आरोग्यासाठी पाळतात आणि हायस्कूलच्या टीम हिरवं घालून मॅचेस खेळतात. आला तर आला, क्रिकेट तरी कुठं आपल्या गावचं होतं. आणि सचिननं स्वतः 2021 मध्ये सांगितलं की दहा-बारा वर्षं मॅचच्या आधी त्याला टेन्शन यायचं, कितीतरी रात्री झोप नव्हती, त्याला कोण भांगलायला पाठवणार?

आता तक्रार, ती शाळांबद्दल आणि आपल्याबद्दल पण. नाव घेत नाही, पण मला माहीत असलेल्या एका शाळेत 10 ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचा बॅनर लावून फोटो काढले आणि दिवाळीनंतर दहावीचा पीटीचा तास गणिताला दिला. जो एक माणूस पोरांशी घाम पुसत, पाणी पीत बोलतोय त्याचाच तास गेला. पालक तर काय, पोरगं जिल्ह्याला, राज्याला गेलं की दहावीला वाढीव मार्क मिळतात ना, म्हणून खेळाचीच दुसरी परीक्षा करून ठेवलीय, हरलं की गाडीवर बसल्यापासून घरापर्यंत हिशोब. मी पण केलाय. 2025 च्या जानेवारीत आपल्या पोरापोरींनी खो-खोचा पहिला वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून तर घरोघरी अपेक्षा अजून वाढल्यात.

पीटीच्या सरांना या विषयाचं दोन-चार दिवसांचं ट्रेनिंग द्या एवढंच शाळांकडं मागणं आहे, रिबीन पोरी स्वतः आणतील.

आणि तुमच्याकडं एक. खेळाच्या पानावर शालेय स्पर्धांचे निकाल छापता त्याच्याखाली एक ओळ 14416 ची टाका. अख्ख्या पेपरात पोरं तेवढाच कोपरा बघतात, आपलं नाव आलंय का म्हणून.

एक पालक, विश्रामबाग, सांगली