सहा ते सात : कोरा पडदा

महोदय,

ब्रिटनमधल्या जुन्या टीव्हीविषयी मराठीत अधूनमधून छापून येते. त्यात कार्यक्रमांची नावे असतात, 2 जून 1953 चा राज्याभिषेक असतो, आणि वाचणाऱ्याची समजूत होते की तेव्हाही सकाळी लावलेला संच रात्रीच बंद होत असे. जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी, आयटीव्ही, 22 सप्टेंबर 1955 रोजी लंडनमध्ये सुरू झाली. त्याच्या थोडे आधीचा, बीबीसीची एकच वाहिनी असतानाचा, कुठलाही साधा वार घ्या. दिवसाचा मोठा भाग कार्यक्रमांविना जाई. ही रिकामी जागा वगळून त्या दिवसाबद्दल लिहिणे मला चुकीचे वाटते, कारण तिच्यामागे तंत्र होते, कायदा होता आणि पैसाही होता.

सकाळी पडद्यावर दिसे ते 'टेस्ट कार्ड सी', म्हणजे संच जुळवून घेण्यासाठीचे स्थिर चित्र, सोबत संगीत. प्रेक्षकांपेक्षा ते दुकानदार, अँटेना बसवणारे आणि दुरुस्ती करणारे यांच्या कामाचे. संच लावल्यावर आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, तापेपर्यंत थांबायचे. कॉन्ट्रास्ट पूर्ण खाली आणून ब्राइटनेस इतका ठेवायचा की पडद्यावरचा उजेड नुकता मावळावा; मग कॉन्ट्रास्ट हळूहळू वाढवत राखाडी छटांच्या पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या दिसेपर्यंत न्यायचा. मधले वर्तुळ अंड्यासारखे दिसले तर उंची-रुंदी बिघडली आहे. वर्तुळातल्या उभ्या बारीक रेघा 1 पासून 3 मेगासायकलपर्यंत (मेगासायकल म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने) दाट होत जातात. शेवटच्या रेघा एकमेकींत मिसळून राखाडी डाग दिसला, की संच बारीक तपशील गाळतो आहे हे ओळखायचे. चित्र वर-खाली घरंगळू लागले तर 'फ्रेम होल्ड'चे बटण फिरवायचे, तिरक्या पट्ट्यांमध्ये फाटले तर 'लाइन होल्ड'चे. हे सगळे कार्ड समोर असतानाच जमे. संध्याकाळी हलत्या चेहऱ्यांवर वर्तुळ कुठून आणणार?

दोन गोष्टी मात्र बटणांनी सुटत नसत. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की चित्र आक्रसे आणि कडेला काळी चौकट येई. दुसरी गोष्ट रस्त्यावरच्या मोटारींची. चित्र 405 आडव्या रेषांनी काढणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत प्रक्षेपणाची लहर जितकी जोरकस तितका ठिपका पांढरा. त्यामुळे मोटारीच्या स्पार्क प्लगची ठिणगी पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची फवारणी करी. ज्या देशांनी उलट पद्धत घेतली तिथे तीच ठिणगी काळी दिसे आणि डोळ्यांना कमी खुपे. या 405 रेषांपैकी चित्राच्या वाट्याला 377 येत. सेकंदाला 25 चित्रे म्हणजे 10,125 रेषा, आणि त्या कंपनाची बारीक शिट्टी संचातून सतत ऐकू येई.

दुपारी लहानग्यांसाठी पंधरा मिनिटांचे 'वॉच विथ मदर'. मंगळवारी 'अँडी पँडी', बुधवारी 'फ्लॉवर पॉट मेन'. पाचला मोठ्या मुलांचे कार्यक्रम. आणि सहाला पडदा कोरा.

सरकारी नियमाने बंद ठेवलेला हा सहा ते सातचा तास लोक 'टॉडलर्स ट्रूस' (लहानग्यांसाठीचा तह) म्हणून ओळखत. मुलांना टीव्ही संपला असे वाटावे आणि आयांना त्यांना झोपवता यावे, हा हेतू. बीबीसी संच बाळगणाऱ्यांच्या परवान्याच्या पैशावर चाले (1954 पासून वर्षाला 3 पौंड, रेडिओसह), तेव्हा एक तास बंद म्हणजे तेवढा खर्च वाचला. आयटीव्हीचे गणित अगदी उलटे, कारण तिची कमाई जाहिरातींवर आणि कोऱ्या पडद्यावर जाहिरात नाही. प्रसारणाचे खाते सांभाळणारे मंत्री, पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल यांनी दोन्ही बाजूंना तोडगा काढायला सांगितले. तो निघेना, तेव्हा त्यांनी बंदीच उठवली. 16 फेब्रुवारी 1957 च्या शनिवारी बीबीसीने त्या वेळेत 'सिक्स-फाइव्ह स्पेशल' हा तरुणांचा संगीताचा कार्यक्रम आणला आणि सोमवारपासून 'टुनाइट'. मुलांना वेळेवर झोपवणे हे सरकारचे काम नव्हे, आईबापांचे आहे, ही हिल यांची भूमिका मला पटते.

रात्रीचे कार्यक्रम बहुतांश थेट होत. रविवारचे नाटक गुरुवारी पुन्हा दिसे ते मुद्रण (रेकॉर्डिंग) लावून नव्हे. नट पुन्हा येऊन सगळे पुन्हा करत. जॉर्ज ऑरवेल यांच्या कादंबरीवरचे 'नाइन्टीन एटी-फोर' 12 डिसेंबर 1954 ला झाले, संसदेपर्यंत गदारोळ झाला, तरी 16 तारखेला नटांनी ते परत केले. मुद्रणाचा एकच मार्ग होता, पडद्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवायचा, आणि दर्जा यथातथाच. 1953 च्या 'क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या मालिकेचे सहांपैकी पहिले दोनच भाग असे उतरवले गेले; मुद्रण चालू असताना पडद्यावर बसलेला एक किडासुद्धा फिल्मवर आला आहे. पुढचे चार भाग उतरवलेच नाहीत, ते कायमचे गेले.

थेट कार्यक्रमात खंड पडला किंवा दोन कार्यक्रमांमध्ये वेळ उरला, की 'इंटरल्यूड' लागे. चाकावर माती फिरवणारे कुंभाराचे हात त्यांत सर्वांत गाजले. मडके काही पुरे होत नसे. चित्रपट्टी केव्हाही तोडता यावी अशीच ती होती.

शेवटी राष्ट्रगीत, आणि संच बंद करण्याची आठवण. बटण फिरवल्यावर रेषा काढणारी चुंबकीय यंत्रणा तत्काळ थांबे, पण चित्रनळीतला तापलेला कॅथोड काही सेकंद इलेक्ट्रॉन सोडतच राही आणि विजेचा उच्च दाबही लगेच ओसरत नसे. मग सगळा झोत मधोमध एकवटे आणि अंधाऱ्या काचेवर एक पांढरा ठिपका हळूहळू बारीक होत विझे.

आपला,
एक वाचक