अकरा कर्तव्ये आणि माझे एक मनगट

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या संविधान दिनी, 26 नोव्हेंबरला, आपण आमच्या चौकात उद्देशिका वाचलीत, नागरिकांची अकराही मूलभूत कर्तव्ये समजावून सांगितलीत आणि शहर फलकमुक्त करण्याचा शब्द दिलात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. दोनच दिवसांनी, आपल्याच स्वागतकमानीची आडवी ताणलेली दोरी अंधारात न दिसल्याने मी स्कूटरवरून पडलो आणि डावे मनगट मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता. मी एकटा राहतो, त्यामुळे सदऱ्याची बटणे रोज शेजारच्या शाळकरी मुलाकडून लावून घ्यावी लागली. ज्या तरुणाने मला दवाखान्यात नेले, त्याने दारात उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरवर त्याच रात्री 500 रुपयांचे चलन फाडले गेले. ते मी भरले, कर्तव्यच ते.

कमान कोणाची, हे विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘परवानगीच नव्हती, त्यामुळे आमच्याकडे नोंद नाही.’’ म्हणजे जे बेकायदा आहे ते कागदावर नाही, आणि कागदावर नाही म्हणून ते बेकायदाही नाही! मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा राज्यात 1995 पासून आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. चौक ते बसस्थानक मी 43 फलक मोजले, एकदोन इकडेतिकडे असतील; कैदेत गेलेला एकही शुभेच्छुक मला ठाऊक नाही. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला जाहिरात फलक कोसळून 17 माणसे गेली, तेव्हा आठवडाभर सर्वांना कायदा आठवला होता.

महोदय, मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत आली ती 1976 साली, 42 व्या दुरुस्तीने, आणीबाणी चालू असताना. सत्तेला प्रजेची कर्तव्ये नेमकी केव्हा सुचतात, हे त्यावरून कळते. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण हे त्यांतलेच एक; ते कमान बांधणाऱ्यांना लागू नसावे. राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे नेते, असे डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते. आपल्या कमानीवर त्यांचे छायाचित्र टपाल तिकिटाएवढे होते आणि आपले बारा फुटी.

कमान उभारणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा, एवढीच माझी मागणी होती. आता आणखी एक आहे. कमान गेली, पण पदपथावरच्या फरशा फोडून केलेले बांबूंचे खड्डे तसेच आहेत. ते कृपया लवकर बुजवावेत, कारण 26 जानेवारीच्या कमानीसाठी दोन माणसे काल त्याच खड्ड्यांत काठी घालून खोली पाहून गेली आहेत.

आपला,
एक करदाता