आप्पा, तापीचं जुनं पात्र कागदावर काढून पाठवा

ती. आप्पा आणि आई,
सा. न.

आई, आधी तुझ्या काळजीचं. तू ज्याला प्लास्टिकचं होडगं म्हणालीस ते कयाक एखादवेळी उलटेल, पण बुडणार नाही. आतून पोकळ आणि बंद असतं. वर आलेलं पाणी बैठकीजवळच्या भोकांतून खाली निघून जातं. लाईफ जॅकेट काठावर येईपर्यंत अंगातून काढलं नाही. हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांकडे फिरकलोही नाही. आम्ही वर होतो, चांगदेवला तापी-पूर्णा मिळतात तिथल्या फुगवट्यात. तिकडचे मासेमार थर्माकोलवर उकिडवे बसून जाळी ओढतात, जॅकेट-बिकेट काही नाही. काळजी करायचीच तर त्यांची कर! मासेमारीचा ठेका त्यांच्या सोसायटीचा, म्हणून त्यांना विचारूनच गळ टाकले.

आप्पा, आता तुमच्याशी कामाचं. सकाळभर काही लागलं नाही. थंडीत मासा सुस्तावतो, काठचं गार उथळ पाणी सोडून खोलात बसतो, एवढं माहीत होतं. पण वरून सगळं पाणी सारखंच दिसतं, खोल कुठे ते कसं कळणार? शेवटी दोरीला दगड बांधला आणि वल्हवत जागोजागी सोडत गेलो. बराच वेळ दोन-तीन पुरुष पाणी, आणि एका ठिकाणी दोरी सरसर जातच राहिली. बुडालेल्या नदीचा जुना काठ तो! तिथे गांडूळ लावून गळ तळाशी सोडला तर शिंगाळा लागला. मासा ओढतो तेव्हा कयाकच त्याच्यामागे गरकन फिरतं, काठावर बसून ही मजा नाही. कणकेच्या गोळीला एक रोहूही आला. दुपारी वारा सुटला, लाटा आडव्या यायला लागल्या, तेव्हा मुकाट बाहेर आलो.

रात्री तंबूपुढे पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी बरोबर नेल्या होत्या. ठेचा मात्र आईसारखा झाला नाही. थंडी म्हणजे काय विचारू नका. चक्रवाक रात्रभर ओरडत होते, झोप बेताचीच.

महाशिवरात्रीला मुक्ताईच्या यात्रेला या, नाशिकच्या फ्लॅटमध्ये बसून काय करता? आईचं दर्शन होईल, आणि तुम्ही माझ्याबरोबर काठावर खुर्ची टाकून बसा. कयाकमध्ये बसा म्हणत नाही.

त्याआधी एक काम करा. धरण झालं १९८२ साली, त्याआधीची तापी तुम्ही पोहून ओलांडली आहे. पात्र कुठून वळायचं, डोह कुठे होता, उतार कुठे, हे कागदावर काढा आणि दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. उत्तर दिशा तेवढी लिहा. तुम्ही सगळंच ‘उजव्या हाताला’ सांगता, आणि तोंड कुठे करून उभं राहायचं ते सांगत नाही.

तुमची,
मनू